जनरल आणि दगडी जिना

एक अमेरिकन जनरल, तोही खरोखरच्या युद्धावर गेलेला, दीड महिना माझ्या हुकमाखाली होता असं मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या नवऱ्याकडे बघतात. नवरा गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो. "खरं आहे," तो म्हणतो, "आणि तेवढे दिवस घरात शांतता होती. सगळा आरडाओरडा तिकडेच संपायचा." यातला शांततेचा भाग खोटा आहे. बाकी हॉस्पिटलात मी ओरडत होते हे कबूल.

मी मूळची नाशिकची, फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर अरबी मुलखात आलो, आधी यान्बूला होतो. तिथे नवरा रिफायनरीत, कंपाउंडमध्ये आठ-दहा मराठी घरं, संध्याकाळी समुद्र. मग त्याला खमीस मुशैतला एका कंपनीत जनरेटरच्या देखभालीचं काम मिळालं आणि आम्ही डोंगरावर आलो. इथली हवा थंड. खाली समुद्रकाठच्या जिझानचे ओळखीचे लोक घाम पुसत फोन करतात तेव्हा आमच्या अंगात स्वेटर असतो. गावाला लष्करी तळ चिकटलेला आहे, त्यामुळे गणवेश, विमानांचा आवाज आणि मध्यंतरी सीमेपलीकडच्या लढाईत वाजलेले भोंगे हे सगळं आमच्या रोजच्या जगण्यातलं झालं. सैन्यातल्या माणसांचं मला अप्रूप नव्हतं. खरं सांगायचं तर रागच होता. भोंगा वाजला की मुलीला पोटाशी धरून जेवणाच्या टेबलाखाली बसणाऱ्या आईला कुठल्याच जनरलबद्दल प्रेम वाटत नाही.

तर अशा मनःस्थितीत मी हॉस्पिटलात जनरलच्या खोलीत शिरले. पुरुष पेशंट एरवी आमच्या पुरुष थेरपिस्टकडे जातात, पण तो तेव्हा सुट्टीवर केरळला गेला होता आणि पेशंट परदेशी, म्हणून केस माझ्या गळ्यात पडली. वय ऐंशीच्या पुढे. हॉटेलच्या बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलेलं, सर्जनने आदल्या दिवशी अर्धा सांधा नवा बसवलेला. माणूस इतका उंच की पावलं पलंगाबाहेर आली होती. मी नाव सांगितलं, उद्यापासून काय काय करायचं ते सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला जिना कधी चढता येईल?"

"आधी पलंगाच्या कडेला बसा," मी म्हटलं. "मग उभं राहू. जिन्याचं नंतर बघू."

"नंतर नको. माझं काम जिन्यावरच आहे."

आणि त्यांनी काम सांगितलं. कुवेतच्या युद्धात अमेरिकेचं सैन्य इथे आलं तेव्हा ते त्या सैन्याच्या रसदीचे अधिकारी होते. त्यांच्याबरोबर काम करायला इथल्या सैन्याने एक तरुण मेजर दिला होता. तो पुढे कर्नल होऊन निवृत्त झाला. तेव्हापासूनची त्यांची मैत्री. एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेलेले, दर ईदला आणि दर नाताळला फोन. आता कर्नलचं हृदय थकलं होतं. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून होता आणि डॉक्टरांनी मुलांना सांगून ठेवलं होतं की फार दिवस धरू नका. म्हणून जनरल या वयात एकटे विमानात बसून आले, आणि भेटीच्या सकाळीच पडले. कर्नलचं घर खमीसबाहेरच्या गावात, जुनं, दगडी. तो वरच्या मजल्यावर होता आणि खाली यायला तयार नव्हता. वर जायला एकच अरुंद जिना.

"मुलं तुम्हाला खुर्चीत बसवून उचलून नेतील," मी म्हटलं. "इथली माणसं पाहुण्याला डोक्यावर घेऊन नाचतील."

"माहीत आहे. म्हणूनच नको. मी त्याच्यासमोर माझ्या पायांवर जाणार."

मला वाटलं, आला एक हट्टी. पण मनातून हेही वाटलं की बरं झालं. ज्याला कुठेतरी पोचायचं असतं तो पेशंट लवकर चालतो. ज्याला नुसतं बरं व्हायचं असतं तो पडून राहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. चेहरा पांढरा पडला, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी कमरेचा पट्टा धरून मागे उभी. पाऊल टाकताना ते जमिनीकडे बघत होते म्हणून मी ओरडले, "मान वर! जमीन कुठे पळून जात नाहीये!" ओरडल्यावर जीभ चावली. एवढा मोठा माणूस. ते हसले आणि म्हणाले, "माझ्या पहिल्या सार्जंटची आठवण झाली." त्या दिवसापासून मी सार्जंट झाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सार्जंट नाही, असं एकदोनदा सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

त्यांची कहाणी मला अशी व्यायामातूनच कळली. पाय उचलून धरायचे आणि मी आकडे मोजायचे, त्याचा त्यांना कंटाळा यायचा. म्हणून मी म्हटलं, आकड्यांऐवजी काहीतरी सांगा, बोलता येतंय तोवर श्वास ठीक आहे असं मी समजेन. मग ते सांगू लागले. वडिलांच्या गाई होत्या, पहाटे दूध घालायला हे जायचे. कॉलेजची फी सैन्य भरेल म्हणून सैन्यात गेले. शौर्य वगैरे काही डोक्यात नव्हतं. पहिलं युद्ध आशियातल्या जंगलातलं, तिथे लेफ्टनंट म्हणून पोचले तेव्हा नीट दाढीही येत नव्हती. तिथून जिवंत आले आणि ठरवलं की लढाईत जी माणसं पुढे जातात त्यांच्यापर्यंत पाणी, अन्न आणि गोळ्या पोचवण्याचं काम आपण करायचं, कारण जंगलात ते नीट झालं नव्हतं आणि त्यापायी त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं गेली होती. पुढची सगळी नोकरी त्यांनी त्यातच काढली. बायकोने त्यांच्या बदल्यांपायी दर दोनतीन वर्षांनी घर बदललं, मुलांच्या शाळा बदलल्या आणि कुरकुर केली नाही. "जनरल ती होती," ते म्हणाले. ती गेल्याला बरीच वर्षं झाली होती.

रसदीचा जनरल असतो हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या डोक्यात जनरल म्हणजे नकाशावर छडी ठेवणारा. हे तर आमच्या नाशिकच्या मंगल कार्यालयातल्या व्यवस्थापकासारखं बोलत होते: पाणी किती, भांडी किती, गाड्या कुठे अडकल्या, पंगतीला उशीर का. मी तसं म्हटलं, मंगल कार्यालय म्हणजे काय तेही समजावलं. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, हेच, फक्त वऱ्हाडी लाखांनी आणि लग्नाची तारीख कोणालाच माहीत नाही.

दिवाळी त्याच सुमारास आली. मी डब्यात चकल्या आणि शंकरपाळे घेऊन गेले. त्यांनी डबा हातात घेतला, उघडला, आणि वॉकर ढकलत ढकलत आधी शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला, मग नर्सना, मग फरशी पुसणाऱ्या बांगलादेशी माणसाला दिला. शेवटी तळाशी चुरा उरला तो स्वतः खाल्ला. मला जरा राग आला. पहाटे उठून सोऱ्या फिरवला होता मी. विचारलं तर म्हणाले, सैन्यात अधिकारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, ती सवय आता जात नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन डबे नेले आणि दुसरा त्यांच्यासमोर उघडून बसले. संपवल्याशिवाय उठले नाही.

मुलीला घरी हे सगळं सांगत होते तर तिने विचारलं, "मम्मा, हाऊ मेनी पीपल डिड ही किल?" नवरा म्हणाला, असं विचारू नये. पण मला ते डोक्यातून काढता येईना. टेबलाखाली बसलेली तीच होती, तिला विचारायचा हक्क होता. सकाळी पट्टा बांधताना मी विचारून टाकलं.

त्यांनी पट्ट्याचं बक्कल स्वतः लावलं. मग म्हणाले, "माहीत नाही. मी इंधन पोचवत होतो. ज्या रणगाड्याला पोचवलं त्याने पुढे काय केलं ते मी मोजलेलं नाही, पण ते माझ्याही खात्यावर आहे. तुमच्या मुलीला सांगा, म्हातारा उत्तर देऊ शकला नाही."

त्यांनी दुसरं काही सांगून मला गप्प केलं असतं तर माझं मन त्यांच्यावरून उतरलं असतं. तसं झालं नाही. त्या दिवशी त्यांनीच पुढे एक गोष्ट सांगितली. लढाई थांबत आली तेव्हा शत्रूचे सैनिक हात वर करून वाळवंटातून येऊ लागले. तहानेने जिभा सुजलेल्या. पाण्याचे टँकर आपल्या तुकड्यांसाठी होते आणि वरून हुकूम होता की ते पुढे न्या. यांनी दोन टँकर कैद्यांकडे वळवले. ड्रायव्हर धुळीच्या वादळात जायला कचरत होते, तर हा इथला मेजर, म्हणजे आताचा कर्नल, स्वतः पहिल्या टँकरवर बसला आणि घेऊन गेला. नंतर यांना वरिष्ठांची बोलणी बसली, बढतीही लांबली. "मी फक्त बोट दाखवलं," जनरल म्हणाले. "वादळात तो गेला. परत येईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. आला तेव्हा दाढीपासून बुटापर्यंत पिठात लोळल्यासारखा दिसत होता, आणि खाली उतरून मला म्हणाला, इतका वेळ उभे का? बसला का नाहीत?" या माणसासमोर त्यांना खुर्चीतून का जायचं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

याच सुमारास गंमत झाली. कर्नलचा थोरला मुलगा, शाळेत इंग्रजी शिकवणारा, मला येऊन भेटला. वडिलांना ऐकून कळलं होतं की त्यांच्या मित्रावर कोण बाई उपचार करते. तीच मला हवी, असा त्यांनी धोशा लावला होता. हॉस्पिटलने घरभेटीची परवानगी दिली. आमच्या गाडीचा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, पन्नाशीतला, अरबी आणि मराठी दोन्ही पक्कं. मी त्याला भाई म्हणते. तो दुभाष्या म्हणून आत यायचा आणि मुलगा सगळा वेळ खोलीत असायचा.

मी पहिल्यांदा तो जिना पाहिला आणि मनात म्हटलं, खलास. हॉस्पिटलातल्या सरावाच्या पायऱ्या बुटक्या, एकसारख्या. इथे एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्यापर्यंत येईल की काय अशी. मध्ये एक वळण, तिथे जरा रुंद जागा आणि छोटी खिडकी. वरच्या खोलीत कर्नल उशांना टेकून बसले होते. बारीक, पांढरी दाढी, डोळे मात्र लखलखीत. ते मला बिन्ती म्हणायचे, म्हणजे लेकी.

"तो कसा आहे?" हा पहिला प्रश्न.

"चालतात आता. वॉकर घेऊन."

"मग ऐक, लेकी. तो येईल तेव्हा मी खाली दारात उभा असणार. पाहुण्याला यजमानाने दारात उभं राहून घेतलं नाही, तर तो घरी आला असं होत नाही. मला उभं कर. आणि त्याला सांगायचं नाही. कळलं तर तो मला झोपून राहायचा हुकूम सोडेल."

मी मुलाकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं. हृदयाच्या डॉक्टरांनी पलंगाजवळ थोडा वेळ उभं राहायला परवानगी दिली होती. जिन्याला साफ नकार होता. मी कर्नलना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग सुरू कधी करायचं?"

परत आले तर इकडे जनरल. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की मी तिथे जाऊन आले. "तुम्ही त्याला काही सांगितलं नाही ना, की मी जिन्याचा सराव करतोय? सांगू नका, सार्जंट. त्याला वाटलं मी धडपडतोय, तर तो खाली येईल आणि मधेच मरेल."

पुढच्या घरभेटीला जाताना गाडीत मी भाईला म्हटलं, या दोघांनी माझा जीव खाल्लाय. तो स्टिअरिंगवर हात मारून हसला. "ताई, दोघंव एकाच माळेचे मणी हायत. ह्यो म्हणतो मी वर चढणार, त्यो म्हणतो मी खाली उतरणार. आणि बोलायचा कुणी नाय. मधल्या मधी मरण तुमचा."

मरण माझंच होतं, कारण धोका खराच होता. कर्नल जिन्यावर कोसळले असते तर मित्राला बघायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत कोसळले असते. जनरल पडले असते तर नवा सांधा गेला असता, आणि या वयात दुसऱ्यांदा उभं राहणं कठीण. शिवाय दिवस हातात नव्हते. जनरलची मुलगी अमेरिकेहून रोज फोन करायची, तिने परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. आणि कर्नलच्या पायांवर दर खेपेला थोडी जास्त सूज दिसायची. मी ती अंगठ्याने दाबून बघायचे, खड्डा पडायचा, आणि मी चादर ओढायचे.

मी दोघांनाही शिकवत राहिले. जनरलसाठी सरावाच्या पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकून त्या उंच आणि वेड्यावाकड्या करून घेतल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे मी इतक्या वेळा ओरडले की शेजारचे पेशंटही ते पुटपुटायला लागले. कर्नलना पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत आणलं. आणि तिथे मी माझी वकिली लढवली. म्हटलं, बाबा, ही तुमची खोली, हा तुमचा मजला, जिना संपतो तिथे हे दार आहे. म्हणजे हे तुमचं दार. इथे उभे राहा. खालचं दार तुमच्या मुलाचं आहे, तिथे तो उभा राहील.

भाईने हे सांगितल्यावर कर्नलनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हसायला लागले, हसता हसता खोकला आला. "बाई वकील असती तर जमिनीच्या सगळ्या दाव्यांत मी हिलाच नेमलं असतं," म्हणाले. पण कबूल झाले.

भेटीचा दिवस शुक्रवारचा ठरला. दुपारच्या नमाजानंतर आम्ही पोचलो. जनरलनी कोट घातला होता, टाय बांधला होता, आणि वॉकर गाडीत ठेवून काठी घेतली. खालच्या दारात थोरला मुलगा उभा होता. त्याने जनरलच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्याच्यामागे दोन धाकटे खुर्ची घेऊन उभे होते, उचलून न्यायला. मी सांगून ठेवलं होतं तरी. जनरलनी खुर्चीकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि कठड्याला हात घातला. वळणावरच्या जागेत मी आधीच एक उंच खुर्ची ठेवली होती, लागलं तर टेकायला.

वळणापर्यंत ते न थांबता चढले. मी मागे, पट्टा मुठीत. भाई माझ्या मागे, मी पडले तर धरायला. वळणावर त्यांनी श्वास घेतला, मी खुर्ची दाखवली, त्यांनी नको म्हणून मान हलवली. आणि वळून वर बघितलं, तर वरच्या दारात कर्नल. पांढरा शुभ्र पोशाख, वर सोनेरी काठाचा झगा, दोन्ही बाजूंनी नातू धरलेले, पण उभे.

दोघं नुसते बघत राहिले. मग जनरलनी पुढच्या उंच पायरीवर चांगला पाय ठेवला, आणि दुखरा उचलताना तो लटपटला. पडले नाहीत, पट्ट्याने धरलं होतं मी. पण वरून ते दिसलं, आणि कर्नलनी पाऊल खाली टाकलं.

"नाही!" मी मराठीतच ओरडले. नातू अरबीत ओरडले. जनरल तर असे गरजले की दगड हलले असते: "जागेवर थांब!" कर्नलनी आपल्या भाषेत तितक्याच आवाजात काहीतरी हुकूम सोडला, आणि भाई माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो पण तेच बोलतो, ताई. जागेवर थांब बोलतो." दोघांपैकी कोणीही थांबलं नाही. एक चढत होता, एक उतरत होता. नातवांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. मी ओरडणं सोडून दिलं आणि जे शिकवलं होतं तेच म्हणू लागले, चांगला पाय आधी, दुखरा पाय आधी, कोणाला कुठलं लागू होतं तेही मला कळत नव्हतं.

ते भेटले वळणाच्या दोन पायऱ्या वर. सलाम करायला कोणाचा हात मोकळा नव्हता. कर्नल वरच्या पायरीवर होते म्हणून डोकी एका उंचीला आली. त्यांनी वाकून जनरलच्या कपाळावर ओठ टेकले आणि तसेच राहिले. मी रडत होते. ते लपवायला मला पट्टा सोडता येत नव्हता, त्यामुळे तशीच रडले.

वर नेणं आता शक्य नव्हतं, कर्नल निळे पडत होते. दोघांना हळूहळू वळणावर उतरवलं. जनरल खुर्चीवर, कर्नल पायरीवर जाड उशा रचून. ऑक्सिजनचा सिलिंडर वरून आला, कॉफीची किटली खालून आली, खजूर आले. दोन म्हातारे त्या अरुंद जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि बोलत राहिले. खिडकीतून ऊन आत येत होतं. घरातली सगळी पायऱ्यांवर वरखाली बसली होती. मी नाडी बघत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते, आणि इतकी आनंदात मी या देशात कधीच नव्हते.

पाच दिवसांनी कर्नल झोपेतच गेले. थोरल्या मुलाचा फोन आला. मी विचारलंच, त्या पायऱ्यांमुळे का? तो म्हणाला, "हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ते दिवस आलेच होते. सहा महिने वडील या घरात पेशंट होते. त्या दुपारी ते यजमान होते. मी तुमचे आभार मानायला फोन केलाय."

जनरलनी विमान पुढे ढकललं. मातमपुर्सीला, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, मी त्यांना घेऊन गेले, आणि या वेळी व्हीलचेअर घेऊनच, कारण तिथे पुरुषांची रांग लांब असते आणि तेवढं उभं राहणं त्यांना झेपणार नव्हतं. मला बायकांच्या बाजूला जायचं होतं. भाईला म्हटलं, अर्ध्या तासाने त्यांना खुर्चीत बसवून आण.

अर्ध्या तासाने मी बाहेर आले तर भाई गाडीजवळ रिकामी खुर्ची घेऊन उभा. "ताई, आनू कसा त्यांना? तुम्हीच बघा."

अंगणाच्या फाटकातून दिसत होतं. भेटायला येणारे एकेक करून पुढे सरकत होते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते दारात ओळीने उभे होते: थोरला मुलगा, मग धाकटे, मग नातू. आणि थोरल्याच्या उजव्या हाताला, जिथे घरातला सगळ्यात वडीलधारा उभा राहतो तिथे, काठीवर भार टाकून जनरल. कोणी त्यांना तिथे नेऊन उभं केलं ते मी नंतरही विचारलं नाही. गावातली माणसं आधी त्यांचा हात हातात घेत होती, अरबीत सांत्वन करत होती आणि मग मुलांकडे वळत होती. त्यांना त्यातला शब्दही कळत नसणार. प्रत्येकाचं पूर्ण होईपर्यंत ते ऐकत होते आणि मान झुकवत होते.

मी भाईला खुर्ची घडी करून गाडीत ठेवायला सांगितलं. रांग संपेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.